चुलीपासून ओट्यापर्यंत : एक विसरलेले माप

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीच्या कडेला आमचे धर्मगुरुनिवास आहे. सकाळची मिस्सा आटोपून आम्ही परततो, त्या वेळी पहिल्या पाळीचे कामगार फाटकासमोरून निघालेले असतात आणि आमच्या स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज येत असतो. आमच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या मावशी गेली अनेक वर्षे हे काम करीत आहेत. आमच्याआधीचे दोन धर्मगुरू त्यांच्याच हातचे जेवले. धर्मगुरू बदलतात, मावशी राहतात.

तीन वर्षांपूर्वी हे स्वयंपाकघर नव्याने बांधून काढावे, असे ठरले. जुना कडप्प्याचा ओटा मधोमध तडकला होता, शहाबादी फरश्या हलत होत्या आणि भिंतीतल्या नळातून पाझरणाऱ्या पाण्याने कपाटाला वाळवी लागली होती. धर्मग्राम परिषदेने पुण्याहून एका तरुण आरेखनकाराला बोलावले. त्याने खोलीची मापे घेतली, संगणकावर तीन बाजूंची चित्रे काढून आणली आणि आमच्यापुढे मांडली. काळा ग्रॅनाइट, भिंतीला पांढऱ्या टाइल्स, खाली सरकते खण, वर धूर ओढणारी चिमणी. परिषदेचे चार सभासद आणि आम्ही, असे पाच पुरुष त्या चित्रांभोवती दोन तास बसलो. कपाटाच्या दारांचा रंग कोणता असावा, यावर एक तास गेला. चाळीस दिवसांत काम पूर्ण झाले. आम्ही आशीर्वादाची प्रार्थना म्हटली, पवित्र पाणी शिंपडले, परिषदेने पेढे वाटले.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सहज आत डोकावलो. मावशी नव्या फरशीवर फतकल मारून बसल्या होत्या. पुढ्यात परात. एक भाकरी थापायची, हातावर घेऊन उठायचे, ओट्यावरच्या तव्यात टाकायची, पुन्हा खाली बसायचे. असे प्रत्येक भाकरीला.

आम्ही मनाशी हसलो. जुनी सवय, दुसरे काय! परिषदेच्या बैठकीतही आम्ही हा किस्सा विनोदाने सांगितला आणि सगळे हसले. पुढे दीड महिन्याने मावशींचे गुडघे सुजले, तेव्हा आम्ही त्यांना जरा रागानेच म्हणालो, “मावशी, एवढा चांगला ओटा करून दिला, तरी खाली का बसता?”

त्या म्हणाल्या, “फादर, मला काय हौस हाय व्हय खाली बसायची? परात ठिवली की ओटा माझ्या कोपराच्या वर जातोय. जोर लागत न्हाई. भाकरी जाड ऱ्हाती.”

त्या वाक्याने आमची मान खाली गेली. ओटा चौतीस इंच उंच होता. मावशींची उंची चार फूट दहा इंच. त्या उभ्या राहून कशा काम करतात, हे दोन तासांच्या बैठकीत पाचांपैकी एकालाही विचारावेसे वाटले नव्हते. ही चूक आमचीच की तिला काही परंपरा आहे, या कुतूहलाने आम्ही थोडा शोध घेतला. त्यातून जे हाती आले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

चुलीचे माप

बारामती म्हटली की मोरोपंतांचे नाव निघते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते ज्या बारामतीत राहिले, तेथील वाड्यांत सैपाकघर सर्वांत आत, माजघराच्या पलीकडे असे. जमिनीलगत चूल, तिच्या शेजारी वैल, मागे भाणवस, कोपऱ्यात मडक्यांची उतरंड, आढ्याला शिंके. उजेड थोडा, धूर फार. त्या खोलीत कोणी पाऊल टाकावे आणि कोणी टाकू नये, याचे नियम कडक होते. आमच्या धर्मग्रामातील बहुतेक कुटुंबांच्या पूर्वजांना त्या खोलीचा उंबरा ओलांडण्याची मुभा नव्हती. त्यांची स्वतःची घरे गावकुसाबाहेर आणि एका खणाची. तेथे स्वयंपाकघर म्हणून निराळे काही नव्हते. तीन दगड मांडले की तेच सैपाकघर, आणि रात्री विस्तव विझला की तीच निजायची जागा.

परंतु वाड्यातली चूल काय किंवा खणातली चूल काय, एका बाबतीत दोन्ही सारख्या होत्या. ती चूल घरच्या बाईने स्वतः घातलेली असे. चिखलात भुसा आणि शेण कालवून, आपल्या वितीने आणि बोटांनी मोजून, आपल्या घरच्या तव्याच्या आणि भगुल्याच्या बेताने ती चुलीचे तोंड ठेवी. जळण तुराट्यांचे असेल तर तोंड एका बेताचे, गोवऱ्यांचे असेल तर दुसऱ्या. दर सणाला चूल सारवताना ती हे माप पुन्हा दुरुस्तही करून घेई. वैलाची युक्तीही तिचीच. चुलीतली वाया जाणारी आच शेजारच्या भोकाखाली वळवून तिच्यावर आमटी कढत ठेवायची, ही उष्णता वाचविण्याची रीत कोणत्याही प्रयोगशाळेच्या आधीची आहे.

या चुलीचा दोष धुराचा होता आणि तो लहान दोष नव्हे. डोळे जात, छाती भरे, पदराआड झोपलेली तान्ही मुले खोकत. घरातील धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभर सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. म्हणून जुन्या चुलीचे गोडवे गाण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. एवढेच म्हणायचे आहे, की तिच्यात धूर होता, पण मापही होते. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत सुधारकांनी धूर घालविण्यासाठी पुष्कळ खटपट केली आणि त्या खटपटीत अनेकदा माप हरवले.

स्वयंपाकघराचे पहिले आरेखन

स्वयंपाकघर हा विचारपूर्वक आखण्याचा विषय आहे, हे प्रथम ठामपणे सांगितले ते अमेरिकेतील कॅथरिन बीचर या शिक्षिकेने. ‘अंकल टॉम्स केबिन’ लिहिणारी हॅरिएट बीचर स्टो ही तिची धाकटी बहीण. दोघींनी मिळून १८६९ साली गृहव्यवस्थेवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. जहाजावरचा आचारी इवल्याशा जागेत शेकडोंचे जेवण रांधतो, मग घरातील बाईने दिवसभर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात का धावावे, असा त्यातील विचार होता. पुढे १९१२ च्या सुमारास क्रिस्टीन फ्रेडरिक हिने कारखान्यातील कामगारांच्या हालचाली मोजण्याची पद्धत स्वयंपाकघरात आणली आणि भांडी घासताना किती पावले वाया जातात, याचा हिशेब मांडला.

हा विचार युरोपात पोहोचला आणि १९२६ मध्ये जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरात त्याने आकार घेतला. पहिल्या महायुद्धानंतर तेथे घरांची मोठी टंचाई होती. नगररचनाकार एर्न्स्ट माय यांनी कामगारांसाठी नवी घरे उभारली आणि त्यांतील स्वयंपाकघराचे काम मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या व्हिएन्नाच्या तरुण वास्तुविशारद स्त्रीकडे सोपविले. तिने रेल्वेच्या भोजनडब्यातील मुदपाकखान्याचा नमुना डोळ्यांपुढे ठेवला. सुमारे सहा फूट रुंद आणि अकरा फूट लांब अशी चिंचोळी खोली. खिडकीशी कापण्या-चिरण्याचा पाट, पुढे फिरते स्टूल, एका बाजूला गॅसची शेगडी, भिंतीत धान्याचे अ‍ॅल्युमिनियमचे खण. पिठाला कीड लागू नये म्हणून त्याचा खण ओक लाकडाचा. माशा बसू नयेत म्हणून कपाटांना निळसर हिरवा रंग. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे त्या शहरात बांधली गेली. आज बारामतीत जिला ‘मॉड्युलर किचन’ म्हणतात, तिची आजी ती हीच.

लिहोत्स्कीचा हेतू उदात्त होता. कारखान्यात राबून आलेल्या बाईचे घरचे श्रम कमी व्हावेत, ही तिची तळमळ होती. पुढे हिटलरच्या राजवटीला विरोध केल्याबद्दल ती १९४१ ते १९४५ अशी चार वर्षे तुरुंगात होती, यावरून तिच्या मनाची जात कळते. तथापि, हे स्वयंपाकघर आखण्यापूर्वी आपण कधी घर चालविले नव्हते, स्वयंपाकही केला नव्हता, हे तिने पुढे मोकळेपणाने सांगितले. त्या घरांत राहायला आलेल्या बायकांना त्याची झळ लागली. खोलीत एकीलाच उभे राहता येई. आईच्या हाताखाली मुलगी शिकायला उभी राहू शकत नसे. धान्याचे खण लहान मुलांच्या हाताला येत. पावले वाचली, पण सोबत गेली.

याच सुमारास अमेरिकेत लिलियन गिलब्रेथ ही अभियंता बाई दुसऱ्या वाटेने गेली. बारा मुलांची ही आई स्वतः स्वयंपाकात फारशी तरबेज नव्हती आणि हे ती जाणून होती. म्हणूनच असेल, तिने प्रथम विचारले. चार हजारांहून अधिक स्त्रियांना प्रश्न विचारून ओट्याची आणि मोरीची सोयीस्कर उंची तिने ठरविली, आणि ओटा हा काम करणाऱ्या बाईच्या उंचीप्रमाणे असावा, असे सांगितले. अनुभव दोघींनाही नव्हता. एकीने तो आपल्या कल्पनेने भरून काढला, दुसरीने इतरांना विचारून.

बिनधुराच्या चुलीची कहाणी

आपल्या देशात हाच प्रश्न चुलीच्या रूपाने पुढे आला. डिसेंबर १९३४ मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचे काम सुरू झाले. त्याचे सूत्रधार जे. सी. कुमारप्पा हे तंजावरच्या एका ख्रिस्ती कुटुंबातले. लंडनमध्ये हिशेबशास्त्र आणि न्यूयॉर्कमध्ये अर्थशास्त्र शिकलेला हा मनुष्य मगनवाडीत तेलघाणी, हातकागद आणि चूल यांच्या सुधारणेत रमला. १९४० च्या दशकात तेथून ‘मगन चूल’ पुढे आली. मातीचीच, पण बंद. एकाच विस्तवाची आच दोन-तीन भांड्यांखालून फिरून धुराड्यावाटे बाहेर जाई. वैलाचेच हे सुधारलेले रूप. १९५३ साली हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील एस. पी. राजू यांनी आपल्या बिनधुराच्या चुलीवर पुस्तिका प्रसिद्ध केली. सर्वसामान्यांच्या स्वयंपाकघरातून धूर हद्दपार व्हावा, अशी त्यांची जिद्द होती.

मग सरकारने हे काम हाती घेतले. सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ मध्ये सुरू झाला. दरवर्षी किती चुली बसवायच्या, याची लक्ष्ये ठरली आणि २००२ मध्ये कार्यक्रम थांबला, तोवर देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसविल्याची नोंद झाली. तरी खेड्यातला धूर हटला नाही. धुराडी काजळीने तुंबली; ती साफ कशी करायची, हे अनेक ठिकाणी कोणी सांगितले नाही. भोकांची मापे घरच्या भांड्यांशी जुळेनात. आपल्याकडे ज्वारीची भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यासमोर उभी करून फुगवितात. बंद तोंडाच्या चुलीत ती उभी करायला जागाच नव्हती. बायकांनी चुलीचे तोंड फोडून मोठे केले, की साहेब म्हणत, बायका अडाणी आहेत, त्यांची जुनी सवय सुटत नाही.

वाचकहो, ‘जुनी सवय’ हे शब्द वाचताना आमच्या जिवाला चटका बसला, याचे कारण सांगायला नको.

याच काळात हरियाणातील नाडा गावी एक वेगळा प्रयोग झाला. मधू सरीन या वास्तुशास्त्र शिकलेल्या बाईंनी गावातल्या स्त्रियांबरोबर बसून चूल घडविली. कोणते भांडे, कोणते जळण, बसण्याची पद्धत कोणती, हे त्या स्त्रिया सांगत आणि हाताने माती बदलत. पुढे त्याच स्त्रिया चुली बांधणाऱ्या मिस्त्री झाल्या. तांत्रिक ज्ञान बाहेरचे, माप घरचे. ‘नाडा चूल’ नावारूपाला आली ती या मेळामुळे.

ओटा उभा राहिला

शहरातल्या मराठी घरांत बदल आला तो इंधनाच्या वाटेने. आधी रॉकेलचा स्टोव्ह, मग गॅस. मुंबईत १९५५ मध्ये बर्शेन कंपनीचे सिलिंडर घरोघर जाऊ लागले. पुढे १९५९ च्या सुमारास देशी बनावटीचे प्रेशर कुकर आणि १९६३ मध्ये सुमीतचा मिक्सर आला. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० मध्ये निघाले, तोवर शहरातील गृहिणी बऱ्याच अंशी उभी राहून स्वयंपाक करू लागली होती. शेगडी सिलिंडरपेक्षा उंच असावी, असा सुरक्षिततेचा नियम. सिलिंडर उभा ठेवला तर दोन फुटांचा. म्हणून शेगडी उंचावर चढली आणि तिच्याखाली कडप्प्याचा ओटा आला. आपल्या आया-मावश्या जमिनीवरून उठल्या, ही सुधारणाच झाली. वाकून वाकून मोडलेल्या कंबरा सरळ झाल्या.

बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात हा बदल उशिरा आला. नीरा डाव्या कालव्याने येथे ऊस आणला, पुढे सहकारी साखर कारखाने आले, तरी कालव्याखालच्या घरांतही चुलीत तुराट्या, पऱ्हाटी, वेड्या बाभळीची लाकडे आणि उसाची चिपाडेच जळत होती. शेजारच्या फलटणला बनबिहारी निंबकर यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत पुढे अल्कोहोलवर चालणाऱ्या शेगडीचे प्रयोग झाले. पुण्यात १९९६ मध्ये डॉ. आनंद कर्वे यांनी सुरू केलेल्या ‘आरती’ संस्थेने शेतात जाळून टाकल्या जाणाऱ्या पाचटापासून कोळसा करण्याची पद्धत बसविली आणि २००२ मध्ये त्यासाठी ॲशडेन पुरस्कार मिळविला. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे उज्ज्वला योजनेचा प्रारंभ झाला. या योजनेत गॅसची जोडणी घरातील बाईच्या नावावर दिली जाते, ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. कागदावर का होईना, स्वयंपाकघराच्या मालकिणीचे नाव विचारले गेले.

औद्योगिक वसाहतीत १९९० च्या दशकापासून मोठे कारखाने आले आणि पगारदार कुटुंबांच्या हाती पैसा आला. आता आमच्या धर्मग्रामातही दर दोन-चार महिन्यांनी कोणाच्या तरी नव्या स्वयंपाकघराला आशीर्वाद देण्यासाठी आम्हांला बोलावणे येते. एका खणात जन्मलेल्या आजीच्या नातवंडांनी स्वतंत्र स्वयंपाकघर बांधावे, ही अभिमानाचीच गोष्ट आहे.

पुन्हा एकदा माप

आम्ही त्या आरेखनकाराला पुन्हा बोलावले. थोडे तावातावानेच विचारले, की ओटा इतका उंच कसा केला? त्याने शांतपणे उत्तर दिले, “फादर, नेहमीच्या मापाने केला. इथे स्वयंपाक कोण करतं, हे मला कोणी सांगितलंच नाही. बैठकीला तर तुम्ही पाचजणच होता.”

या उत्तराला आमच्याकडे उत्तर नव्हते.

या खेपेला त्याने फीत काढली आणि मावशींना उभे केले. जमिनीपासून कोपरापर्यंत छत्तीस इंच भरले. त्याने समजावून सांगितले, की चिरण्या-ढवळण्याचे काम कोपराच्या चार ते सहा इंच खाली सोयीचे पडते, आणि मळण्या-थापण्याला खांद्याचा जोर लागतो, म्हणून त्याला आणखी खाली जावे लागते. त्याने एका बाजूचा चार फूट ओटा कापून अठ्ठावीस इंचांवर आणायचे सुचविले. शेगडी ओट्यावर ठेवल्याने तवा आणखी पाच इंच वर गेला होता; तीही त्याच ठेंगण्या भागात घ्यायची ठरली. सिलिंडर खिडकीशी सरळ उभा; त्याच्या कपाटाच्या दाराला तळाशी झरोके, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर खालीच साचतो. मावशींनीही दोन गोष्टी सांगितल्या. सरकत्या खणांत परात मावत नाही, म्हणून ती उभी ठेवायला ओट्याखाली एक मोकळी फट हवी. आणि खिडकीसमोर चिमणीचे धूड नको, कारण स्वयंपाक करताना फाटकातून कोण येते ते दिसले पाहिजे. “कोण आलं, ते बघून दोन भाकरी जास्त टाकायच्या असत्यात,” त्या म्हणाल्या. हे कारण कोणत्याही आराखड्यात आम्हांला सापडले नसते.

दुरुस्तीला आठ दिवस लागले. आधीच्या खर्चावर हा खर्च वाढला आणि आम्ही तो परिषदेपुढे आमची चूक म्हणून मांडला. ग्रॅनाइटचा जोड आजही नीट जुळलेला नाही. दोन उंचींचा तो ओटा चित्रातल्यासारखा दिसत नाही. पाहुणे विचारतात, हा असा तुकडा का?

मावशींचे गुडघे पूर्ण बरे झालेले नाहीत. त्या दीड-दोन महिन्यांच्या उठाबशांची भरपाई आम्हांला करता आलेली नाही. पण आता त्या उभ्या राहून भाकरी थापतात, आणि भाकरी पूर्वीसारखी पातळ येते.

घराघरांत आशीर्वाद द्यायला जातो, तेव्हा आम्ही आता एक नवा प्रघात पाडला आहे. प्रार्थनेआधी आम्ही घरधन्याला विचारतो, “ओट्याची उंची कोणी ठरवली?” बहुतेक वेळा तो गवंड्याचे किंवा डिझायनरचे नाव सांगतो. मग आम्ही त्याच्या आईकडे किंवा पत्नीकडे वळून तोच प्रश्न जरा बदलून विचारतो, “तुमचं कोपर कुठं येतं?” पहिल्यांदा त्या लाजून हसतात. मग ओट्याशी जाऊन उभ्या राहतात आणि दाखवितात. मार्थेच्या घरी उतरलेल्या प्रभूची गोष्ट आम्ही पुष्कळ वेळा प्रवचनात सांगितली. मार्थेच्या चुलीची उंची किती होती, असा विचार मात्र आमच्या मनात कधी आला नव्हता. काम अजून सुरू व्हायचे असेल, तर बदल करणे सोपे असते. म्हणून आमची धर्मग्रामस्थांना एवढीच विनंती आहे, की आशीर्वादासाठी बोलवाल तेव्हा बोलवा. पण आराखडा हाती येईल, त्या दिवशी तो आधी स्वयंपाक करणाऱ्या बाईपुढे ठेवा, आणि फीत तिच्या हाती द्या.